कारणाची रिकामी ओळ

ताई, तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी तू दोन बदल केलेस. एक सकाळी नऊला, दुसरा पावणेदहाला. नोंदीत तसंच आहे. पुढे नाव तुझं, नयना. आणि बदलासोबतचा मेसेज? पहिल्याला ‘केलं..’ आणि दुसऱ्याला ‘आता नीट केलं..’. तुला जराशी ओळखणारा माणूसही सांगेल, ही बाई एक वेळ वरून परत येईल, पण असलं काही लिहिणार नाही.

ते मी केले होते. आपलं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर जिथे चालतं त्या कळंबोलीच्या डायलिसिस सेंटरमध्ये दोन पेशंटच्या वेळा एकमेकांत अडकल्या होत्या, आणि मशीनला सुतक नसतं. तुझा लॅपटॉप उघडला, नाक पुसत काम केलं आणि त्याने नेहमीसारखं तुझं नाव लावून टाकलं. आठ वर्षांपूर्वी मला शेजारी बसवून शिकवायला घेतलंस तेव्हा म्हणाली होतीस, "तुझं नाव वेगलं टाकू गो नंतर." एक घर, एक लॅपटॉप, दोन जावा. ते नंतर काही आलं नाही. त्यामुळे आपल्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात आठ वर्षं एकच बाई नांदतेय. एक दिवस ती निकालपत्र लिहावं तसं लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी दोन टिंबं टाकून पळते.

आज तुला ‘तू’ म्हणते. चारचौघांत ‘अहो ताई, तुम्ही’ म्हणायचं आणि लॅपटॉपसमोर ‘तू’, हा आपला करार होता. सासूबाई मधल्या मजल्यावर चहा घेऊन आल्या की माझं ‘तू’ अर्ध्या वाक्यात ‘तुम्ही’ व्हायचं आणि तू मान खाली घालून हसायचीस. आता चहा घेऊन कोणी येत नाही. मी एकटीच बसलेय. तू, तू, तू. हस ना.

सासूबाईंनीच एकदा विचारलं होतं, "दोगी दिवसभर टायपिंग करता, मग भांडता कनाला?" तेव्हा तू त्यांना समजावलं होतंस. "आई, सॉफ्टवेअरमदी काय बदल केला की तो ठेवून देताना संगती दोन ओळी लिवायच्या असतात. डब्यावर चिठ्ठी लावतो ना, तशा. तुमची धाकटी सून चिठ्ठी लावत नाय."

"ती डब्यांना पन लावत नाय," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला. माझी बाजू मांडायला घरात कोणी उरलं नाही.

तुझ्या स्वयंपाकघरातले डबे अजून तसेच आहेत, ताई. काल तेराव्याला तिखट शोधत होते तेव्हा एक हातात आला. ‘सुकट, मोऱ्याची, आईकडची. तळायची नाही. कारण: खारट हाय, कालवणालाच घ्यावी.’ डबा हातात धरून मी तुझ्या ओट्यापाशी खाली बसले. बायकांना वाटलं चक्कर आली. कोणीतरी कांदा आणला.

महाप्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत तू पंधरा वर्षं काढलीस, आणि तिथून एका दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान घालून घरी आलीस ती रडायला नाही, काम मांडायला. मी कोण? साताऱ्याकडची, कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत वाढलेली, बी.कॉम. आणि टायपिंग. अडतिसाव्या वर्षी तू माझ्या हातात कोड दिलास. बाकी सगळं तू हसतखेळत शिकवलंस, फक्त मेसेजच्या बाबतीत तू सासू व्हायचीस. पहिल्या ओळीत कुठे आणि काय, तीही आटोपशीर. मग एक ओळ मोकळी. मग ‘कारण’. प्रत्येक वेळी, अगदी स्वल्पविराम हलवला तरी.

"काय केलंस ते मशीन दाखवतं," तू म्हणायचीस. "कनाला केलंस ते त्याला नाय माहीत. ते फक्त तुला माहीत हाय. आनि तुला उद्या आठवनार नाय."

"मला आठवतं."

"परवाचं सांग. शनिवारचा रकाना कनाला हलवलास?"

मी खिडकीबाहेर बघायचे.

तुझी एक नोंद मला पाठ आहे. ‘वेळापत्रक: शनिवारची तिसरी पाळी बंद केली.’ मग मोकळी ओळ. मग, ‘कारण: शनिवारी संध्याकाळी पाण्याचा दाब कमी असतो, मशीन नीट धुतलं जात नाही. टाकी मोठी झाली की पाळी परत सुरू करावी.’ दोन वर्षांनी सेंटरने टाकी बसवली, तेव्हा तू महापालिकेच्या दवाखान्यात सासूबाईंचा गुडघा दाखवायला गेली होतीस. मी ही नोंद वाचून पाच मिनिटांत पाळी सुरू केली. तुला फोनसुद्धा करावा लागला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं नाही. आज वाटतं, फोन करायला हवा होता. उगाचच.

आणि माझी नोंद? ‘थोडं साफ केलं..’. दोन पाळ्यांच्या मधली, मशीन धुवायची चाळीस मिनिटं मला फुकट गेलेली दिसली, मी ती झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी कळंबोलीला एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर मांडीवर डबा घेऊन दोन तास दारात बसले, कारण त्यांच्या मशीनवर अजून आधीचा पेशंट होता. तू ओरडली नाहीस. रिक्षात घातलंस आणि मला त्या काकांच्या शेजारी नेऊन बसवलंस. ते म्हणाले, "बाई, तुमचं पण आज हाय का?" मला वाटलं होतं, यानंतर मी सुधारेन. आठवडाभर सुधारले. मग गणपती आले, मग दिवाळी, मग परत दोन टिंबं.

तरी माझा प्रत्येक बदल तू वर तुझ्या फोनवर वाचायचीस. वाचून झालं की वरच्या मजल्यावरून जिन्यात ओरडायचीस, "पायलं!" बस. चूक असेल तर पुढे "ये वर" असायचं. हे ‘पायलं’ ऐकल्याशिवाय मी लॅपटॉपचं झाकण लावत नसे. चौथ्या दिवशीचे ते दोन बदल करून मी जिन्याकडे कान लावून बसले होते. किती वेळ, ते विचारू नकोस.

दहाव्याला कावळा शिवला नाही.

तलावाच्या घाटावर सगळे उभे होतो. दादांनी, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, हात जोडून सांगितलं, "पोरीचं शिक्षन पुरं करीन." कावळा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला आमी बघू." नाही. माझा नवरा म्हणाला, "वहिनी, सॉफ्टवेअर बंद पडू देनार नाय." चार कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत होते, एकाच्याही मनात काही नव्हतं. तेव्हा मागे बायकांच्या घोळक्यात मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, ताई, मी मेसेज नीट लिहीन, कारणासकट. डोळे उघडले तर होते तेवढे चारही कावळे उडून गेले.

"कोनीतरी खोटा बोललं," सासूबाई पुटपुटल्या. "खोट्या शपतंला कावला येत नाय."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी नाही. त्या दिवसापासून एकच किडा डोक्यात आहे, की तुझं काय राहिलं होतं? आम्ही सगळ्यांनी सगळं कबूल केलं, मग तू कशात अडकलीस? तू सगळ्याला कारण लिहिणारी बाई. डब्याला, पाळीला, स्वल्पविरामाला. आणि तुझा आजार तू गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत पोटात ठेवलास. सांगितलंस तेव्हा दीड महिना उरला होता. डॉक्टर म्हणाले, बाईंना मे महिन्यातच माहीत होतं. मे! तेव्हाही फार काही करता आलं नसतं, हेही म्हणाले. पण माझं म्हणणं उपचाराचं नाही, ताई. मे महिन्यापासून रोज मी तुझ्या शेजारी बसत होते. हातभर अंतरावर. मला कसं दिसलं नाही?

म्हणून काल रात्रीची भांडी आवरली, आज सकाळी अंघोळ केली आणि इतिहास उघडला. मे महिन्यापासून एकेक नोंद. काय शोधत होते, ते मलाच नीट माहीत नव्हतं. तुझी थकलेली एखादी ओळ, चुकलेलं एखादं अक्षर. तू दमलीस कधी, याची काहीतरी खूण. पण नाव दोघींचं एकच! मग मी मजकुरावरून वेगळं करत बसले. कारण लिहिलेलं ते तुझं, दोन टिंबं ती माझी. तांदूळ निवडावेत तशी निवडत गेले. तुझं सगळं जिथल्या तिथे होतं. ऑगस्टमध्ये, जेव्हा तुला जेवण जात नव्हतं आणि तू ‘ॲसिडिटी हाय’ म्हणत होतीस, तेव्हाही प्रत्येक नोंदीत मोकळी ओळ मोकळी आणि कारणाच्या जागी कारण. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी कसली शिस्त गं?

मग मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची एक नोंद लागली. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ‘केलं..’. माझी म्हणून पुढे निघाले, आणि थांबले.

त्या शुक्रवारी मी घरात नव्हते.

आठवतं ना? तू म्हणाली होतीस, "आज तूच जा मोऱ्याला. आईकडनं सुकट आन. पावसाच्या आधी घ्यायला लागल." मला नवल वाटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तू मला एकटीला कधी तुझ्या माहेरी धाडलं नव्हतंस. मी गेले. तुझ्या आईने जेट्टीपाशी सावलीत बसवून मला सरबत दिलं आणि आमचा दोघींचा फोटो काढायला एका पोरीला सांगितलं. तो फोटो मी आज शोधून काढला. मी सरबत पितेय, तुझी आई माझा पदर सारखा करतेय. खाली वेळ आहे, अकरा वाजून पस्तीस मिनिटं.

म्हणजे ते ‘केलं..’ तुझं आहे.

मी ती नोंद उघडली. आधी दोनदा भलतीच उघडली. आत एकच ओळ बदललेली होती. सेंटरमध्ये काही अडलं की आधी ज्या फोनवर मेसेज जातो, त्या पहिल्या क्रमांकाची. आधी पहिला तुझा होता, दुसरा माझा. तू उलटं केलंस. पहिला माझा, दुसरा तुझा. कारण लिहिलेलं नाही. मोकळी ओळही नाही. नुसतं ‘केलं..’, आणि माझी ती दोन टिंबंसुद्धा. मोजून दोन.

तू माझी नक्कल केलीस. तुला ठाऊक होतं, माझ्या त्या ओळी कोणी उघडून बघत नाही, मीसुद्धा नाही. आठ वर्षं ज्या कचऱ्यावरून तू मला बोललीस, बरोबर त्याच कचऱ्यात नेऊन तू आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुरलीस. रिपोर्ट घेऊन आलीस, मला तुझ्याच आईकडे पाठवलंस, आणि पंधरा सेकंदांत सगळं माझ्यावर सोपवून मोकळी झालीस.

आणि जूनमध्ये मला पहाटे साडेपाचला सेंटरचे मेसेज यायला लागले, तेव्हा मी तुझ्याकडे काय तक्रार घेऊन आले होते? "ताई, हे मला का येतायत? मी परत काहीतरी बिघडवलं बहुतेक."

तू सुपारी कातरत होतीस. "बिघडवलं असशील," म्हणालीस. "राहू दे. सवय होईल."

सवय होईल! मी हसले होते, ताई. मला वाटलं, नेहमीसारखा टोमणा मारलास. एकदा, फक्त एकदा खाली येऊन नोंद उघडली असती तर तिथेच सापडलं असतं. मी विचारलं असतं, "कनाला बदललंस गो?" आणि तुला खोटं बोलता येत नाही, तू सांगितलं असतंस. जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने आपण दोघींनी मिळून घाबरायचं होतं. तू एकटी घाबरलीस. मी शेजारी बसून तुला साताऱ्याच्या आत्याच्या गमती सांगत होते, आणि तू पोट धरून हसायचीस. आता वाटतं, पोट कशासाठी धरायचीस?

कारण का नाही लिहिलंस? दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येईल म्हणून? की तुलाही, तुलाही ती ओळ लिहवेना? लॅपटॉपसमोर बसून किती वेळ तो कर्सर बघत होतीस? सांग. मला चुकीचं कारण सांग, पण सांग.

हे सगळं मी मोठ्याने बोलत होते बहुतेक. कारण मला माझा फोन ऐकू आला नाही. तो खाली स्वयंपाकघरात होता, आवाज बंद, तेराव्यापासून तसाच. मग वरून दादांची पावलं वाजली. धावत येत होते. दारात उभे राहिले, हातात तुझा फोन. ते तो रोज चार्जिंगला लावतात, तुला माहीत नसेल.

"वर्षा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हिचा फोन वाजला. हिला मेसेज आलाय."

मी पहिल्या क्रमांकावर उचललं नाही, म्हणून दहा मिनिटांनी तो दुसऱ्यावर गेला. तूच लावलेला नियम.

मी कळंबोलीला फोन केला. रस्ता खोदताना त्यांची नेटची वायर तुटली होती, एवढंच. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, काळजी नको, आजचा तक्ता आम्ही सकाळीच छापून ठेवलाय. ते मोठ्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं ना." मी फोन ठेवला. दादा अजून तुझा फोन दोन्ही हातांत धरून उभे होते, पक्षी धरावा तसा.

"हे परत होनार काय गं?" त्यांनी विचारलं. "परत झालं ना, तर मी नाय वाचायचो."

मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या क्रमांकावर ताई आहे, ती बदलायला लागेल. कोणाचा टाकायचा ते कळत नाही.

ते जिन्यात बसले. तुझ्या फोनची काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "माजा टाक."

"दादा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"कलायचं काय त्यात? वाजला की तुला हाक मारीन. हिनं पन तुला तेवढंच तर केलं."

तेवढंच नाही, ताई. पण मी त्यांना काही बोलले नाही.

आधी लॅपटॉपमधलं नाव बदललं. एका ओळीचं काम, आठ वर्षं राहिलेलं. नयना खोडून वर्षा लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. मग क्रमांक बदलला. मग तो मेसेजचा चौकोन समोर आला. सवयीने बोटं ‘केलं’पर्यंत गेली. ती पुसली. घाटावरची शपथ आठवली, भिंतीवरचे चार कावळेही आठवले. आणि लिहिलं. जसं तू शिकवलंस तसं, एकही टिंब जास्त नाही:

संपर्क: दुसरा क्रमांक बदलला

कारण: पहिल्या क्रमांकावरची बाई कधीकधी फोन उचलत नाही. दुसऱ्यावर जी होती तिला आता उचलता येणार नाही. दादा उचलतील आणि जिन्यातून हाक मारतील. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही, पण त्याची गरज नाही.

तुझ्या त्या नोंदीला मी हात लावलेला नाही. मागे जाऊन तिथे कारण भरता येतं, तूच शिकवलं होतंस कसं ते. पण भरू काय? मला माहीत असतं तर तुला विचारत बसले असते का?

नवा क्रमांक टाकला की सिस्टीम त्यावर आपोआप एक चाचणीचा मेसेज पाठवते. तेही तूच केलेलं आहे आणि त्याचं कारणही लिहिलेलं आहे, पण माझ्या लक्षात नव्हतं. मी नोंद ठेवून दिली आणि तशीच बसून राहिले, झाकण न लावता, जिन्याकडे कान देऊन. कशासाठी, ते तुला माहीत आहे.

वरच्या मजल्यावर फोन वाजला. पावलं वाजली. मग दादा कठड्याला येऊन मोठ्याने ओरडले:

"आला गो, वर्षा! पायलं!"